आत्याचा फ्रीज, चार ओटीपी आणि एक जॉबशीट

आमच्या आत्याकडं कुणी ओटीपी मागितला की ती देते. बँकेचा नाही देत, तेवढं आम्ही तिच्याकडनं घोकून घेतलंय, पण सिलेंडरवाला आला, कुरिअरवाला आला की "थांब हं बाळा, सांगते" म्हणत चष्मा शोधणार आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवणार. या एका सवयीपायी ४१ हजारांच्या फ्रीजची केस जवळजवळ हातची गेली होती. म्हणून तारखांसकट सगळं लिहून काढतेय, कारण नंतर मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांनी कलम कुठलं लावलंस हेच विचारलं, आणि खरी केस कलमावर नव्हतीच, मेकॅनिकनं कागदावर काय लिहिलं आणि आपण त्याखाली काय लिहिलं याच्यावर होती.

आत्या मिरजेत राहते, एकटी. सणासुदीला पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, एरवी पेन्शन. मी सांगलीत एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, वकील वगैरे नाही. ९ एप्रिल २०२४ ला गुढीपाडवा होता, साडेतीन मुहूर्तातला, त्यात जुन्या फ्रीजनं मार्चमध्येच मान टाकलेली, त्यामुळं आत्यानं मुहूर्त साधला आणि एका मोठ्या दुकानातनं डबल डोअरचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज घेतला. फ्रीज ३८,४९० चा, वर सेल्समननं २,९९९ ची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली, एकूण बिल ४१,४८९. निम्मे यूपीआयनं, बाकीचे सहा हप्ते. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे कंपनीची एक वर्षाची संपल्यावर सुरू होणारी, आणि ती बहुतेक वेळा फ्रीजच्या कंपनीची नसतेच, तिसऱ्याच कुणाची तरी असते, हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. स्टिकरवर मोठ्या अक्षरात "कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी" होतं. याचा अर्थ १० वर्षं फक्त कॉम्प्रेसर नावाचा डबा. तो बदलायची मजुरी, गॅस, कार्ड, सेन्सर सगळं एका वर्षानंतर आपल्या खिशातनं. लोक १० हा आकडा बघतात आणि निवांत होतात.

बिलाच्या तळाला बारीक अक्षरात नेहमीचं वाक्य होतंच, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत येते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मिरजेचं ऊन काय असतं ते सांगायला नको, आत्याचं दूध नासलं. फ्रीजरमध्ये एका कोपऱ्यात बर्फ होत होता पण खालच्या कप्प्यात पाण्याची बाटलीसुद्धा गार होईना. २६ मेला तिनं टोल फ्रीला फोन केला, २८ ला एक पोरगा आला, त्यानं सेटिंग हायला केलं, "काकू सामान जास्त भरलंय, हवा फिरत नाही" म्हणाला, ओटीपी घेतला, गेला. जॉबशीटवर, म्हणजे काय काम केलं ते लिहून आपली सही घेतात त्या कागदावर, एका ओळीत, फ्रीज ओके, डेमो दिला. १२ जूनला दुसरा आला, त्यानं मागचा पॅनल उघडून सेन्सर बदलला, ओटीपी घेतला. फ्रीज थोडासा सुधारल्यासारखा वाटला आणि परत बसला. ४ जुलैला तिसरा, त्यानं गॅस भरला. आता मात्र फ्रीज झकास चालला, तीन आठवडे. आत्यानं मला फोन करून सांगितलं पण की झाला गं बाई एकदाचा. तिसरा ओटीपी.

चौथा मुलगा २७ जुलैला आला आणि खरी गंमत त्यानं केली. फ्रीज परत बंद पडला होता, आत डब्यांत पुरण होतं, त्यानं ते बघून विचारलं काकू विकता का, आत्या कौतुकानं हो म्हणाली, वर त्याला एक पोळी खायला दिली तूप घालून. त्यानं पोळी खाल्ली आणि जॉबशीटवर लिहिलं "व्होल्टेज फ्लक्चुएशन, कमर्शियल यूज". मग म्हणाला पार्ट मागवावा लागेल, पार्ट मागवायला ओटीपी लागतो. आत्यानं दिला. दुरुस्ती काहीच झालेली नाही, फ्रीज बंद, आणि मोबाइलवर मेसेज आला की तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, सेवेला किती स्टार द्याल.

तेव्हा तिनं मला बोलावलं. मी ते चार कागद एकापुढं एक मांडून बघितले आणि माझ्या पोटात गोळाच आला. आम्ही ऑफिसात दिवसभर कागदच बघतो, माणूस काय म्हणतो ते नाही, त्यामुळं मला लगेच दिसलं की परक्या माणसानं हे चार कागद वाचले तर गोष्ट अशी होते की एका बाईनं घरगुती फ्रीज धंद्याला वापरला, तिच्या घरची लाइट खराब आहे, तरी कंपनीनं चारही वेळा येऊन तिचं समाधान केलं. चारही कागदांवर आत्याची सही होती. वाचून केली का विचारलं तर म्हणते "पोरगं उन्हात उभं होतं गं".

मग मी काही गोष्टी केल्या ज्या आधीच करायला हव्या होत्या. आत्याच्या मोबाइलमधले कंपनीचे सगळे मेसेज, तक्रार नोंदवल्याचे आणि बंद केल्याचे, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवले (ती मेमरी फुल झाली की मेसेज उडवते, थोडक्यात वाचले). फ्रीजच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो काढला. त्यावर काय लिहिलेलं? "स्टॅबिलायझरची गरज नाही, १३० ते ३०० व्होल्ट". म्हणजे विकताना म्हणायचं स्टॅबिलायझर नको आणि बिघडला की म्हणायचं व्होल्टेज. शेजारच्या वायरमनकडनं मल्टिमीटर आणून प्लगला लावला, २२८ दाखवलं, त्याचाही फोटो. आणि पाचवी तक्रार नोंदवली, ह्यावेळी स्पष्ट सांगून की मागची तक्रार न सोडवता बंद केलीय.

१ ऑगस्टला मी अर्धी सुट्टी टाकून मिरजेला जाऊन बसले. आलेला टेक्निशियन सीनिअर होता, चाळिशीतला, सोबत छोटा नायट्रोजनचा सिलेंडर आणि गेज. त्यानं आल्या आल्या एक केलं, फ्रीजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर पालथा हात ठेवला. मला म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर चालू आहे आणि बाजू गार. गॅसच नाही आत." आताच्या बऱ्याच फ्रीजला मागं ती काळी जाळी नसते, ती कंडेन्सरची नळी (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी) दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत फोममध्ये दाबलेली असते, म्हणून चांगला चालणारा फ्रीज बाजूनं कोमट लागतो. आधीच्या चौघांपैकी एकानंही हात लावून बघितला नव्हता. आणि ह्या फ्रीजमध्ये गॅस असतो तरी किती, साधारण ५०-६० ग्रॅम, आर-६००ए नावाचा, पेट घेणारा. त्यामुळं त्यानं आधी आत्याला शेगडी बंद करायला लावली, पुरण शिजत होतं ते तसंच राहिलं, खिडक्या उघडल्या आणि मग कामाला लागला.

त्यानं मागची नळी कापून फ्रीजरची बाजू आणि बॉडीची बाजू वेगळी केली, दोन्हीकडं नायट्रोजन भरून प्रेशर २०० ला नेलं. मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात फरशीवर बसून काट्याकडं बघत राहिलो, आत्यानं न राहवून शेजारणीकडनं चहा करून आणला. अर्ध्या तासानं फ्रीजरच्या बाजूचा काटा होता तिथंच. बॉडीच्या बाजूचा १७० वर. त्यानं शाम्पूचा फेस करून बाहेरच्या प्रत्येक जॉइंटला लावला, एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती बाहेर कुठं नाहीच, पत्र्याच्या आत फोममध्ये आहे, जिथं कुणाचाच हात पोचत नाही. बॉडी लीकेज. कारखान्यातनंच आलेलं. मी हे सगळं मोबाइलवर शूट केलं, त्याला विचारूनच, तो काही म्हणाला नाही.

मग तो बाहेर जाऊन सर्व्हिस सेंटरला बोलला आणि आत येऊन म्हणाला, "मी गॅस शॉर्ट असं लिहितो, बाकी ऑफिसात बोलू." इथं मी थांबवलं. म्हटलं दादा, जे आत्ता आपण तिघांनी बघितलं तेच लिहा. तो म्हणाला असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं मग सही नाही आणि ओटीपी पण नाही. तो माणूस वाईट नव्हता हो, त्यानं सरळ सांगितलं की ओटीपी नसला तर कॉल पेंडिंग दिसतो आणि त्या कॉलचे पैसे अडकतात, आणि मला खरंच वाईट वाटलं कारण कंपनीनं कामाची मोजणीच अशी ठेवलीय की फ्रीज गार झाला का हे कुणी बघत नाही, ओटीपी आला का एवढंच बघतात. पण त्याच्या कॉलचे पैसे आत्याच्या ४१ हजारांतनं कशाला. वीस मिनिटं घासाघीस झाल्यावर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "कंडेन्सर बॉडी लीकेज. साइटवर रिपेअर शक्य नाही. बाहेरून कंडेन्सर सजेस्ट केला." त्याखाली मी लिहिलं, "बाहेरून कंडेन्सर मान्य नाही. फ्रीज पूर्ण बंद आहे. ओटीपी दिलेला नाही." आत्यानं सही केली, मी तिथल्या तिथं फोटो काढला. ह्या एका कागदासाठी मी आधीचे चार माफ केले.

बाहेरून कंडेन्सर म्हणजे फ्रीजच्या पाठीला जुन्या पद्धतीची जाळी बसवून आतली गळकी नळी बायपास करायची. आठ-नऊ वर्षं वापरलेल्या फ्रीजला हा चांगला उपाय आहे, आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं कितीतरी फ्रीज असे जगवलेत. पण पावणेचार महिन्यांचा, हप्ते अजून फिटायचेत असा फ्रीज? आत्याचंच वाक्य सांगते, "नवरदेवाला पहिल्या महिन्यात काठी द्यायची का?"

दुकानदाराकडं गेलो तर त्यानं चहा पाजला आणि म्हणाला ताई आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला. मी ते बिलावरचं वाक्य दाखवून विचारलं की हे कुठल्या कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झालाय, त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा दिल्यात आणि त्यातली एक अशी की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं, बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. म्हणजे ते छापील वाक्य सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही, उलट अडचणीत आणतं. (रंग आवडला नाही म्हणून परत, याला हे लागू नाही, गैरसमज नको.) आमचा दोष ३० दिवसांनंतर दिसला त्यामुळं आम्ही ह्यावर फार भर दिला नाही, पण दुकानदाराला केसमध्ये घ्यायचं ते तिथंच ठरलं. पैसे त्यानं घेतले, बिल त्यानं दिलं, आपला करार त्याच्याशीच असतो.

कंपनीला ईमेल केला, पाच तक्रारींचे नंबर आणि जॉबशीट जोडून, दुसरा फ्रीज द्या नाहीतर पैसे द्या. आठवड्यानं उत्तर आलं ते वाचण्यासारखं होतं. फ्रीज बदलून मिळेल, "सद्भावना म्हणून", पण वापराचे २० टक्के कापून. म्हणजे ७,६९८ रुपये आत्यानं भरायचे, एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे बुडीत, ते वेगळंच. चार महिन्यांत तो फ्रीज नीट चालला किती दिवस, आणि वापर कसला, दूध नासवायचा? मला राग आला पण आत्या म्हणाली घे की, मिटवून टाक, श्रावण सुरू झालाय. खरंच ५ ऑगस्टला श्रावण लागला होता, पुढं गौरी-गणपती, तिच्या वर्षाच्या निम्म्या ऑर्डरी ह्याच दीड महिन्यात असतात. तिनं शेजारणीच्या फ्रीजचा एक कप्पा मागून घेतला आणि मला म्हणाली गणपती होईपर्यंत बघू तुझं काय होतंय ते.

मग १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट, मराठीत बोलता येतं, ते तक्रार नोंदवून कंपनीकडं पाठवतात आणि कंपनीचं उत्तर तुम्हाला कळवतात. ह्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, ते कोर्ट नव्हे, त्यामुळं तिथनंच सगळं मिळेल अशी आशा ठेवून गेलात तर चिडाल. पण बऱ्याच जणांचं तेवढ्यात मिटतं सुद्धा. आमचं नाही मिटलं, कंपनीनं कळवलं की "बाहेरून कंडेन्सर बसवून देण्याचा प्रस्ताव ग्राहकानं नाकारला, सबब तक्रार बंद". वाचून आधी मी वैतागले आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की ह्यांनी स्वतःच लेखी कबूल केलं की बॉडी लीक आहे, नाहीतर बाहेरून कंडेन्सर कशाला बसवायला निघाले होते? ती ओळ प्रिंट काढून फाइलला लावली.

२० ऑगस्टला दुकान, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर अशा तिघांना रजिस्टर एडीनं नोटीस पाठवली, १५ दिवसांची मुदत देऊन. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, पोचपावती मागून घ्या म्हणजे झालं.) नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण पाठवलेली बरी दिसते. दुकानाचं उत्तर नाही, कंपनीचं परत तेच २० टक्के.

मग जिल्हा ग्राहक आयोगात द्यायची तक्रार मी मराठीत लिहिली, ११ पानं झाली. वडिलांच्या ओळखीचे एक रिटायर्ड वकील आहेत त्यांनी वाचली आणि लाल पेनानं निम्मी उडवली, म्हणाले कादंबरी नको, तारीख आणि कागद, तारीख आणि कागद. दोन गोष्टी त्यांनी मोलाच्या सांगितल्या. मी जोशात "वॉरंटीच्या अटी एकतर्फी आहेत, हा अनुचित करार आहे" असं दोन पानं लिहिलेलं. ते म्हणाले काढ, अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकताच येत नाही, ती राज्य आयोगापासून पुढं. आपलं म्हणणं तीनच, मालात दोष, सेवेत त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. दुसरं म्हणजे नुकसानीचा आकडा. मी ऑर्डरी बुडाल्याचे ५० हजार लावले होते, ते म्हणाले पावत्या दाखव. पावत्या कुठल्या, आत्याचा हिशेब सगळा कॅलेंडरवर. शेवटी मागितले ४१,४८९ व्याजासकट, मानसिक त्रासाचे २५,०००, खर्चाचे १०,०००.

फी शून्य. ५ लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला जिल्हा आयोगात फी लागतच नाही, हे लोकांना माहीत नाही आणि कोर्टाची पायरी नको म्हणून ते २० टक्के कापलेलं मुकाट मान्य करतात. जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंतच्या केसेस बघतो, आणि मोजायची ती तुम्ही दिलेली किंमत, मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. आणखी एक, १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरची पार्टी जिथं असेल किंवा प्रकरण जिथं घडलं असेल तिथं जावं लागायचं, आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुडगावला असू दे नाहीतर नोएडाला. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. २७ सप्टेंबरला आम्ही ई-दाखिलवरनं दाखल केली, हे पोर्टल गेलं आता, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय. प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि व्हिडिओ आणि स्क्रीनशॉटसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, जुन्या ६५ब च्या जागी आलेलं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम एवढे काटेकोर लावत नाहीत, पण वकीलकाका म्हणाले एक पान आहे, लाव.

कंपनीचं लेखी म्हणणं डिसेंबरात आलं. त्यांना ३० दिवस असतात आणि फार तर १५ वाढवून, ह्या ४५ दिवसांच्या पुढं आयोग मुदत देऊ शकत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेजमध्ये सांगितलंय, तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी मुदत तीच आहे. म्हणून नोटीस समोरच्याला कुठल्या तारखेला पोचली ते लिहून ठेवायचं.

त्या उत्तरासोबत जोडलेलं शेवटचं पान मी उघडलं आणि जे वाटलं होतं तेच. कॉल हिस्टरीचा तक्ता. चार ओळी, चारही समोर "निराकरण झाले, ग्राहक समाधानी, ओटीपी पडताळला". त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता. बाकी फ्रीज धंद्याला वापरला म्हणून ही बाई कायद्यानं ग्राहकच नाही, व्होल्टेज खराब, प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, आणि वॉरंटीत फक्त दुरुस्ती आहे बदलून देणं नाही.

धंद्याचा मुद्दा मला सगळ्यात घाबरवणारा वाटला होता आणि निघाला तो सगळ्यात पोकळ. कायदा म्हणतो व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे की स्वयंरोजगारातनं पोट भरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक धरायची नाही. एकटी बाई हातानं पोळ्या लाटते, नोकर नाही, दुकान नाही, आणि फ्रीजमध्ये पुरणासोबत तिचंच दूध, भाजी, इन्सुलिन होतं. शिवाय मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं श्रीराम चिट्सच्या केसमध्ये म्हटलं होतं की वस्तू किंवा सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची, ग्राहकाची नाही. त्यांच्याकडं पुरावा काय, तर पोळी खाऊन गेलेल्या पोराची एक ओळ.

व्होल्टेजला स्टिकरचा फोटो पुरला. रिपोर्टच्या मुद्द्याला आम्ही लिहिलं की दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो, कलम ३८ मध्ये सोय आहे आणि आमची तयारीही आहे, पण इथं कंपनीच्याच माणसानं स्वतःच्या अक्षरात बॉडी लीकेज लिहून दिलंय, १९१५ ला कंपनीनंच कंडेन्सरचं सांगितलंय, आता आणखी कोण काय तपासणार. एक गोष्ट बरी झाली की रागाच्या भरात बाहेरचा मेकॅनिक आणून फ्रीज उघडला नाही, नाहीतर गळती आम्हीच केली म्हणाले असते. आणि वॉरंटीत फक्त दुरुस्ती असली तरी कलम ३९ खाली दोष काढा, बदलून द्या, पैसे परत द्या यातलं काहीही सांगायचा अधिकार आयोगाला आहे, कार्डावर कंपनीनं काय छापलं त्यानं तो जात नाही.

राहिले ओटीपी. हे खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं, दिलेच होते. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मी तोच तक्ता घेतला आणि शेजारी एक रकाना वाढवला, "पुढची तक्रार किती दिवसांनी". २८ मे ते १ ऑगस्ट, ६५ दिवसांत पाच भेटी. समाधान झालेला ग्राहक पंधरा दिवसांत परत का फोन करतो? चौथी तक्रार "निराकरण झाली" त्याच्या पाचव्या दिवशी त्यांचाच माणूस लिहितो दुरुस्ती शक्य नाही. आणि त्या चौथ्या ओटीपीच्या दिवशी कुठला पार्ट बसवला ते त्यांच्याच तक्त्यात रिकामं होतं. एवढं एकच पान आम्ही प्रत्युत्तर म्हणून दिलं, बाकी भाषण नाही.

फेब्रुवारीत आयोगानं विचारलं मध्यस्थीला जाता का, दोन्ही बाजूंची लेखी संमती लागते, आम्ही हो म्हटलं. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या वकिलांनी तो पानभर तक्ता बघितला, जॉबशीट बघितलं, बाहेर जाऊन फोनवर बोलून आले आणि म्हणाले नवीन फ्रीज, एक रुपया न कापता. आत्या म्हणाली त्यांच्या कंपनीचा फ्रीज मला आता कुणी फुकट दिला तरी नको. मग पैसे. शेवटी ठरलं, पूर्ण ४१,४८९ आणि वर ६,००० खर्चाचे, ३० दिवसांत खात्यात, फ्रीज ते स्वखर्चानं उचलणार आणि उचलल्याची पावती देणार. मानसिक त्रासाचे २५ हजार सोडले. मला ते अजून टोचतं. निकालापर्यंत गेलो असतो तर व्याज आणि त्रासाचे मिळाले असते असं मला वाटतं, पण मग कंपनी राज्य आयोगात अपिलात गेली असती तर आणखी किती पाडवे गेले असते कुणास ठाऊक, आणि केस माझी नव्हती, आत्याची होती. तिनं मला मध्यस्थांसमोरच चिमटा काढला, गप्प बस म्हणून.

ठरलेले पैसे न देणं सोपं नसतं त्यांना. कलम ७१ खाली वसुली लावता येते, आणि ७२ खाली आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. आमच्यावर ती वेळ आली नाही, सत्तावीस दिवसांनी पैसे आले. हप्ते तोवर कधीच फिटले होते, केस चालू असताना आम्ही ते थांबवले नाहीत, फायनान्स कंपनीला फ्रीज चालतोय का बंद याच्याशी देणंघेणं नसतं आणि सिबिल आत्याचा खराब झाला असता.

३० मार्च २०२५ ला परत पाडवा आला. आत्यानं दुसऱ्या दुकानातनं दुसरा फ्रीज घेतला, साधा, सिंगल डोअर, एक्स्टेंडेड वॉरंटी नको म्हणाली. डेमोवाल्या पोरानं सगळं समजावून ओटीपी मागितला तर ही म्हणते, "बस बाळा खुर्चीवर, चहा घे. आधी बर्फ होऊ दे." त्यानं सांगितलं काकू बर्फाला पाच-सहा तास लागतात, तर म्हणाली मग संध्याकाळी ये. शेवटी मी मध्ये पडले, इन्स्टॉलेशनचा ओटीपी वेगळा असतो म्हणून समजावलं, तेव्हा कुठं दिला, तोही मेसेज मला आधी वाचायला लावून.